सेवा मेळावा घ्यायचा की कायमचं मदत टेबल? मंडळात दोन तट पडलेत

वाटसरू:
आमच्या रहिवासी मंडळात प्रस्ताव आलाय की एका सुट्टीच्या दिवशी आरोग्य, कायदा, नोकरी, पेन्शन, अपंगत्व, समुपदेशन अशा सगळ्यांचे स्टॉल एकाच मैदानात लावायचे, म्हणजे कुठली सेवा कुठे मिळते ते लोकांना कळेल. माझा विरोध आहे. स्टॉलवाले पत्रकं वाटतात, लोक पिशवी भरून घरी नेतात, पिशवी रद्दीत जाते, आयोजकांचे फोटो तेवढे झकास येतात. त्याच खर्चात आठवड्यातून दोन संध्याकाळी एक जाणता माणूस टेबल टाकून बसवा की. ब्रिटनमध्ये सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेची केंद्रं १९३९ साली युद्ध सुरू झाल्या झाल्या उघडली आणि ती अजून चालू आहेत. लोकांच्या अडचणी काय मेळाव्याची तारीख बघून येतात का? बोला.

फाईलवाली:
साफ असहमत. तुमच्या त्या टेबलाकडे येणार कोण? ज्याला आधीच माहितीये की आपल्याला काहीतरी मिळू शकतं, तोच. कर्जात बुडालेला माणूस चारचौघांदेखत ‘कर्ज सल्ला’ लिहिलेल्या दारातून आत जात नाही हो, पण बीपी तपासायला म्हणून मैदानात येतो आणि जाता जाता शेजारच्या टेबलावर हळूच विचारतो. आणि घरातला कमावता माणूस गेला की पेन्शन, वारस नोंद, मुलांची फी, वर मनाची अवस्था, चार ऑफिसं चार दिशांना आणि प्रत्येक जण म्हणतो आधी तिकडचा कागद आणा. चौघं एका रांगेत बसलेले असले की निदान एकमेकांवर ढकलता तरी येत नाही.

सडेतोड:
बीपीचं नाव काढलंत म्हणून लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ साली विल्सन आणि युंगनर या तज्ज्ञांचे, लोकांची सरसकट आरोग्य तपासणी कधी करावी याचे निकष छापले, त्यात स्पष्ट आहे की पुढच्या निदानाची आणि उपचाराची सोय हवी. मेळाव्यात काय होतं? एकदा मोजतात, जास्त आलं की ‘डॉक्टरांना दाखवा’ म्हणतात आणि पुढचा नंबर. एका रीडिंगवरून रक्तदाबाचा आजार ठरत नाही, वेगळ्या दिवशी परत मोजावं लागतं. कुठे, कधी, कुणाकडे, ते कोण सांगणार? माणूस नुसती धास्ती घेऊन घरी जातो.

गोगलगाय:
दोन्हीकडचे लोक मूळ मुद्दा सोडून भांडताय. प्रश्न माहिती द्यायची की काम करून द्यायचं हा आहे. अमेरिकेत २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. टॅक्स भरायला आलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांपैकी काहींना कॉलेजच्या आर्थिक मदतीचा फॉर्म तिथल्या तिथे भरून दिला, काहींना किती मदत मिळू शकते एवढीच माहिती दिली. फॉर्म भरून दिलेल्यांच्या मुलांमध्ये कॉलेजला जाणाऱ्यांचं प्रमाण साधारण ८ टक्के बिंदूंनी वाढलं. नुसती माहिती दिलेल्यांमध्ये काही फरक नाही! म्हणजे तुमच्या पत्रकांचं काय होतं ते कळलंच.
तेव्हा नियम एकच ठेवा, जो तिथे बसून अर्ज घेऊ शकत नाही किंवा पुढची अपॉइंटमेंट देऊ शकत नाही त्याला स्टॉल नाही. कुठल्या कामाला कुठले कागद लागतात ते दोन आठवडे आधी घरोघरी पोचवा, मैदानात स्कॅनर, प्रिंटर आणि फॉर्म वाचून दाखवणारी माणसं ठेवा. फुगे, भाषणं, दीपप्रज्वलन सगळं उडवा, त्यात अर्धी सकाळ जाते.

वाटसरू:
अहो पण मग तो मेळावा कुठे राहिला, ते एक दिवसाचं ऑफिस झालं! आणि सहीचा अधिकार असलेला माणूस सुट्टीच्या दिवशी पाठवणार कोण? पाठवतात नवखा कर्मचारी आणि बॅनर. दुसरं म्हणजे घरात मारहाण सोसणारी बाई भर मैदानात कुणाला काय सांगणार, तेही नवरा शेजारी उभा असताना?

फाईलवाली:
हा मुद्दा मान्य, पण उपाय आहे. टेबलांवर अडचणींची नावं टाकू नका, नुसते नंबर टाका. आत एक बंद खोली ठेवा आणि तिकडे नेताना कारण साधं सांगा, ‘कागद तपासायचेत’ वगैरे. नंतर फोन करायचा तर आधीच विचारून घ्या, कुठल्या नंबरवर, किती वाजता, आणि दुसऱ्या कुणी उचलला तर काय बोलायचं. ती नको म्हणाली तर नाव-नंबर लिहूच नका. यादी वाढावी म्हणून सगळ्यांचे नंबर घेणारे आयोजक माझ्या डोक्यात जातात.

मधलीओळ:
वेळेचंही बघा. सकाळी दहा ते दोन ठेवलंत तर सुट्टीच्या दिवशीही कामावर जाणारे येणारच नाहीत, येणार ते रिटायर्ड लोक आणि आयोजकांचे पाहुणे. व्हीलचेअर आत जाईल अशी जागा, दुभाषी, आणि लहान मुलांना सांभाळायला कुणीतरी, एवढं तरी हवंच.

सडेतोड:
किती जण आले हा आकडा मला सांगू नका. दोन महिन्यांनी सांगा की किती अर्ज दिले, किती मंजूर झाले, किती अडकले आणि कशामुळे. एवढं लेखी द्यायला तयार असाल तर माझा विरोध मागे.

वाटसरू:
माझा नाही. मतदानात हात विरोधातच वर करणार. ठराव झालाच मंजूर तर फॉर्म भरायच्या टेबलावर बसेन, भाषण ऐकायला मात्र येणार नाही.

गोगलगाय:
चालेल. लॅपटॉप आणि एक्स्टेंशन बोर्ड घरून आणा, मैदानात प्लग पॉइंट कधीच पुरत नाहीत.