कामाच्या ठिकाणी तुमची काळजी कोणी आणि कशी घेतली? आपले अनुभव लिहा

मी चाकण परिसरातील एका कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी हे पद निर्माण केले, परंतु कल्याण म्हणजे नेमके काय, हे प्रत्येक व्यवस्थापन आपापल्या सोयीने ठरवते. आमच्याकडे जूनमध्ये योगदिन होतो, छायाचित्रे निघतात आणि जुलै उजाडला की पाळी सुटल्यावर बस का थांबत नाही, हाच प्रश्न पुन्हा माझ्या टेबलावर येतो. म्हणून विनंती अशी, की समारंभांविषयी न लिहिता, रोजच्या कामातील ज्या एखाद्या व्यवस्थेने तुम्हाला आधार दिला किंवा जिच्या अभावाने त्रास झाला, ती शक्य तितक्या तपशिलाने लिहावी. संस्थांची नावे देऊ नयेत.

परिचारिका, सोलापूर

माझा अनुभव एका तक्त्याविषयी आहे. आमच्या वॉर्डातील ड्युटीचा तक्ता पूर्वी पेन्सिलने लिहिलेला असे आणि तो खोडता येतो, हेच त्याचे वैशिष्ट्य होते. उद्यापासून नाइट आहे, हे रविवारी संध्याकाळी फोनवर कळे. सलग नाइट संपल्यावर मिळणारा ऑफ झोपण्यातच जातो, त्याला सुट्टी म्हणणे ही कागदावरची गंमत आहे. पण तोही अनेकदा ऐनवेळी रद्द होई. मुलीच्या शाळेतील एकाही पालकसभेला मी सलग तीन वर्षे जाऊ शकले नाही.

नंतर आलेल्या इन्चार्ज सिस्टरांनी २० तारखेला पुढील महिन्याचा तक्ता पेनाने लिहून औषधांच्या कपाटाच्या दारावर चिकटवायला सुरुवात केली. अदलाबदल करायची असल्यास दोघींनी त्याच कागदावर सह्या करायच्या, त्यांना विचारण्याची गरज नाही. परिचारिका वाढल्या नाहीत, रुग्ण कमी झाले नाहीत, पगारही तोच राहिला. तरीही त्या वर्षी आमच्या वॉर्डातून एकीनेही बदली मागितली नाही.

याच सिस्टरांची आणखी एक गोष्ट सांगते. माझ्या पाळीत सहा वर्षांचा एक मुलगा दगावला. कागदपत्रे पूर्ण करून मी लगेच पुढच्या रुग्णाचे सलाइन बदलायला निघाले होते, कारण इतकी वर्षे आम्ही तेच करत आलो होतो. त्यांनी माझ्या हातातून ट्रे काढून घेतला आणि म्हणाल्या, "जा, तोंड धू, चहा घे. तुझे बेड मी बघते." मी पंधरा मिनिटे चेंजिंग रूममध्ये बसून होते. चहा मात्र तसाच राहिला.

साड्यांच्या दुकानातील विक्रेती, ठाणे

माझे थोडक्यात आहे. पूर्वीच्या दुकानात गिऱ्हाईक नसतानाही बसायचे नाही, असा दंडक होता. बसलेली मुलगी आळशी दिसते, असे मालकांचे म्हणणे. माझ्या पायांच्या शिरा फुगल्या, त्या तिथल्याच. कोझिकोडच्या विक्रेत्या मुलींनी याच कारणासाठी आंदोलन केले होते. केरळने २०१८ मध्ये दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय बंधनकारक केली आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये तसाच कायदा केला, हे मला बऱ्याच उशिरा समजले. आताच्या दुकानात काउंटरमागे तीन स्टुले आहेत. विक्री पूर्वीइतकीच होते.

संगणक अभियंता, पुणे

आमच्या कंपनीत ताणमुक्तीचे ऑनलाइन सत्र शुक्रवारी दुपारी चार वाजता असे आणि उपस्थिती अनिवार्य होती. सॉफ्टवेअरचे रिलीजही शुक्रवारीच असल्यामुळे एका पडद्यावर दीर्घ श्वसन आणि दुसऱ्यावर चुका शोधणे, असा योग आम्ही साधत असू.

अमेरिकेतील ग्राहकासाठी रात्री साडेअकरापर्यंत कॉल आणि सकाळी नऊला पुन्हा मीटिंग, असे सुमारे दीड वर्ष चालल्यावर मला झोप येईनाशी झाली. छातीत धडधडू लागले म्हणून ईसीजी काढला, तो व्यवस्थित आला; डॉक्टरांनीच मला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. त्याआधी एका रात्री दोन वाजता मी टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला होता. ही केंद्र सरकारची मोफत सेवा असून तीत मराठी निवडता येते. पलीकडच्या बाईंनी घाई न करता ऐकून घेतले, हे येथे मुद्दाम नोंदवतो. मानसिक आजाराला विम्यात शारीरिक आजाराप्रमाणेच वागणूक मिळावी, असे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम सांगतो. परंतु आमच्या पॉलिसीत बाह्यरुग्ण उपचारांचा खर्चच बसत नव्हता, त्यामुळे मला त्याचा उपयोग झाला नाही.

रजेच्या अर्जावर मी 'पाठदुखी' असे लिहिले. खोटे लिहिल्याची लाज वाटली, खरे लिहिले असते तर अधिक वाटली असती. सहा आठवड्यांनी रुजू झालो तेव्हा नव्या टीम लीड बाईंनी पाठ कशी आहे, एवढेच विचारले आणि पहिला महिना मला रात्रीचे कॉल मिळणार नाहीत, असे ग्राहकाला परस्पर कळवून टाकले. त्यांना काय समजले होते, ते मी आजतागायत विचारलेले नाही.

यंत्र अभियंता, श्टुटगार्ट

वरील प्रतिसाद वाचून लिहितो. येथे जर्मनीत आजारपणाचे जे प्रमाणपत्र मालकापर्यंत पोहोचते, त्यात निदान नसते. कामास असमर्थ असल्याचा कालावधी तेवढा असतो. पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो, त्यानंतर आरोग्य विमा संस्थेकडून आजारपणाचा भत्ता सुरू होतो. मी आजारी पडलो तेव्हा आपल्याकडच्या सवयीने सगळे रिपोर्ट फायलीत लावून साहेबांना दाखवायला घेऊन गेलो होतो. त्यांनी फाइल न उघडताच माझ्याकडे सरकवली आणि हे मी पाहायचे नाही, असे शांतपणे सांगितले. मला आधी ते तुटक वाटले.

कामावर परतणेही टप्प्याटप्प्याने झाले. या पद्धतीला येथे 'हॅम्बुर्ग मॉडेल' म्हणतात. मी पहिले दोन आठवडे रोज दोन तास, नंतर चार, मग सहा तास काम केले. त्या काळात मी कागदोपत्री आजारीच होतो आणि भत्ता चालू होता. दोन तासांनी लॅपटॉप बंद करून उठताना पहिल्या दिवशी चोरी केल्यासारखे वाटले, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

लेखापाल, नाशिक

मातृत्व लाभ अधिनियमातील २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. आईला तेथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभाही मिळाली. मी २०१९ मध्ये बाळंतपणानंतर परतले, तेव्हा आमच्या कार्यालयाने चार किलोमीटरवरील एका पाळणाघराशी करार करून नियम पाळला होता. चार वेळा जाऊन येण्यात एकूण बत्तीस किलोमीटर होतात, हा हिशेब मी लेखापाल असल्याने लेखी मांडला. पुढच्या महिन्यात जुन्या फायलींची खोली रिकामी करून तिथे पाळणा, पडदा आणि एक मावशी आल्या.

ओतकाम कारखान्यातील सुपरवायझर, कोल्हापूर

आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत भट्टीजवळ उभे राहवत नाही. पूर्वी चक्कर येऊन पडणारा माणूस कच्चा समजला जाई, मीही तसेच समजत असे. पुढे माझाच चुलतभाऊ साचे भरताना कोसळला. आता उन्हाळ्यात लोखंड ओतण्याचे काम पहाटे पाचला सुरू करून दहाच्या आत संपवतो आणि तासातासाने माणूस बदलतो. मीठ घातलेले ताक ठेवले जाते, पण खरा फरक वेळ बदलल्याने पडला. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेसाठी आमची मुले तालमी करत. ती वर्षे वेगळीच होती, पण तो विषय निराळा.

धागाकर्ती

सर्वांचे आभार. सोलापूरच्या ताई, तुमच्या तक्त्याची पद्धत आमच्या पाळ्यांसाठी वापरून पाहावी, असे वाटते. परंतु तक्ता पेनाने लिहिल्यावर ऐनवेळी कोणी आजारी पडल्यास काय करता?

परिचारिका, सोलापूर

दर आठवड्याला एकीच्या नावापुढे 'राखीव' असे लिहिलेले असते. आजारी पडलेलीच्या जागी तीच येते आणि जिला असे यावे लागले, ती पुढच्या महिन्यात आपल्या सुट्ट्या सर्वांत आधी निवडते. दिवाळीच्या आठवड्यात राखीव राहायला आमच्याकडे दोघी-तिघी स्वतःहून तयार असतात, कारण डिसेंबरात लग्ने असतात.