हाय-डेफिनिशन आवृत्तीचा पहिला मान कोणत्या अभिजात चित्रपटांना मिळावा?

रीळवेडा (प्रश्न):
जुन्या चित्रपटांच्या ब्लू-रे, म्हणजे हाय-डेफिनिशन डिस्कवरच्या, आवृत्त्या निघतात तेव्हा बहुधा तेच नावाजलेले चित्रपट नव्या वेष्टनात पुन्हा समोर येतात, आणि डीव्हीडीवर ज्यांची पार रया गेली आहे असे कितीतरी चित्रपट मागेच राहतात. पाल (PAL) या दूरचित्रवाणी पद्धतीच्या डीव्हीडीवर एका चौकटीत ७२० बाय ५७६ बिंदू असतात आणि ब्लू-रेवर १९२० बाय १०८०, म्हणजे पाचपट. हा फरक मला सर्वांत जास्त जाणवतो तो कृष्णधवल चित्रपटांत. कंदिलाच्या उजेडातला चेहरा आणि मागची अंधारी भिंत यांच्या दरम्यान करड्या रंगाच्या ज्या छटा असतात, त्या डीव्हीडीवर एकमेकींत मिसळून जातात आणि दिग्दर्शकाने मुद्दाम रचलेला प्रसंग नुसता काळपट दिसतो. म्हणून ज्या चित्रपटांचा जीव छायाचित्रणात आहे, त्यांना अग्रक्रम मिळावा असे मला वाटते. आपण कोणता निकष लावाल?

कृष्णधवल:
निकष योग्य आहे, परंतु त्याआधी मूळ फिल्म कोणत्या अवस्थेत आहे हे पाहायला हवे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वापरात असलेली नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही होती. तिच्यानंतर सर्रास वापरली गेलेली अ‍ॅसिटेट फिल्म तशी पेट घेत नाही, पण दमट, उष्ण जागी ठेवली तर तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागतो, ती आक्रसते, वाकते आणि पुढे स्कॅनरमधून नेणेही अवघड होते. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनमधील एका प्रयोगशाळेच्या आगीत होरपळल्या. पुढे इटलीतील बोलोन्या शहरातल्या तंत्रज्ञांनी त्या ठिसूळ रिळांना रसायनांनी पुन्हा ओलावा दिला, तेव्हा ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हवरून घेता आला, उरलेल्या भागासाठी इतर प्रतींचा आधार घ्यावा लागला. २०१५ मध्ये आलेली ती आवृत्ती पाहताना आपण काय गमावून बसलो असतो, याची जाणीव होते. ज्यांच्या निगेटिव्ह शीतगृहात सुखरूप आहेत, ते चित्रपट आणखी काही वर्षे थांबू शकतात. ज्यांची फिल्म आज कुजते आहे, त्यांचे स्कॅनिंग आधी व्हावे, मग ते चित्रपट कितीही कमी प्रसिद्ध असोत.

मूकपटप्रेमी:
आपल्या म्हणण्याशी सहमत आहे. उत्तम निगेटिव्ह हाती लागेपर्यंत थांबायचे, हा आग्रह मात्र धरू नये. ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) या चित्रपटाचा हरवलेला सुमारे २५ मिनिटांचा भाग २००८ मध्ये बुएनोस आयर्समध्ये सापडला तो १६ मिलिमीटरच्या, म्हणजे अरुंद फिल्मवरच्या प्रतीत, आणि तीही ओरखड्यांनी भरलेली. नव्या आवृत्तीत ते प्रसंग सुरू होताच उभ्या रेघा ठळक दिसतात, तरीही कथेतले तुटलेले दुवे जुळतात, आणि मला त्याचे मोल रेघांपेक्षा कितीतरी अधिक वाटते.

खरा धोका अतिसफाईचा आहे. फिल्मवरचे बारीक कण हा दोष नसून चित्रप्रतिमा त्यांचीच बनलेली असते. संगणकाने ते पुसले की त्वचेचा पोत जातो आणि चेहरे मेणाचे दिसू लागतात. ‘स्पार्टाकस’ची २०१० मधील ब्लू-रे याच कारणाने टीकेची धनी झाली आणि २०१५ मध्ये नव्याने केलेल्या कामावरून ती पुन्हा काढावी लागली. तेव्हा आवृत्तीची मागणी करताना फिल्मचे नवे स्कॅनिंग आणि संयत सफाई यांचीही मागणी करावी.

श्रवणभक्त:
चर्चा चित्राभोवतीच फिरते आहे, म्हणून आवाजाबद्दल लिहितो. पाल डीव्हीडीसाठी सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट बहुधा २५ चौकटींच्या वेगाने चालवतात. त्यामुळे दोन तासांचा चित्रपट जवळजवळ पाच मिनिटे आधी संपतो आणि स्वतंत्र दुरुस्ती केली नसेल तर सूरही चढतो. ब्लू-रेवर मूळ २४ चौकटींचा वेग राखता येतो. गाण्यांवर उभ्या असलेल्या चित्रपटांसाठी ही गोष्ट लहान नाही.

या कारणासाठी माझी निवड दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ची (१९३६) आहे. विष्णुपंत पागनीसांचा आवाज ज्या पट्टीत ध्वनिमुद्रित झाला, त्याच पट्टीत तो ऐकू आला पाहिजे, आणि खरखर काढण्याच्या नादात त्या आवाजाची धार व टाळांचा नाद छाटला जाऊ नये. थोडी खरखर राहिली तरी चालेल.