शब्दचर्चा: जिरणं, मुरणं, झिरपणं, पाझरणं, एकच का वेगवेगळं?

वर्धाकाठ (यवतमाळ):
नमस्कार मंडळी. गावच्या पाण्याचा ताळेबंद लिहून राहिलो. पाऊस किती, वाहून किती गेला, उन्हानं अन् पिकानं किती उडाला, जमिनीत किती गेला, असे रकाने आहेत. शेवटच्या रकान्यापाशी अडलो. 'जिरलं' लिहू, 'मुरलं' लिहू का 'झिरपलं'? कागदोपत्री सगळे शब्द एकाच अर्थानं येतात, पण गावातले म्हातारे हे शब्द एकमेकांच्या जागी कधीच वापरत नाहीत.

कोरडवाहू (मोर्शी):
भाऊ, म्हातारे बरोबर आहेत. जिरणं म्हणजे वरचं पाणी जमिनीत शिरणं, तेवढंच, 'पाणी अडवा पाणी जिरवा' मधलं. काळ्या मातीत पहिला पाऊस भेगांतून भसाभस जिरते, मंग माती फुगते, भेगा बुजतात अन् तेच वावर पाणी घेईनासं होते, त्याच्यानंतरचा जोराचा पाऊस धुऱ्यावरून सरळ नाल्यात. मुरणं त्याच्या पुढचं. जिरलेलं पाणी माती-मुरमात धरून राहणं, लोणच्यात खार मुरते तसं, त्याले वेळ लागते. कोरडवाहू हरभरा त्याच ओलीवर येते. अन् झिरपणं म्हणजे मुरमाखालच्या काळ्या पाषाणात उतरणं, तिथं पाण्याले जागा फक्त फटी अन् सांध्यांत, म्हणून थेंबाथेंबानं.

वर्धाकाठ:
अन् पाझरणं?

कोरडवाहू:
ते बाहेर येणं. दगडाले पाझर फुटते म्हणतो ना आपण. पावसाळा संपल्यावर नाला वाहते तो आभाळाच्या पाण्यावर नाही, दोन्ही काठांतून पाझरणाऱ्या पाण्यावर वाहते. आमच्या वरुड-मोर्शीकडे संत्र्यासाठी बोअर इतके खोल गेले की भूजलाची पातळीच नाल्याच्या तळाखाली गेली, मंग उलटं होते, नाल्यातलं पाणी जमीन ओढून घेते अन् नाला लवकर आटते. पाऊस तेवढाच पडूनही असं होते, हे लोकांले पटवणं फार जड जाते. खोलीकरणाचंही तसंच, पाणी धरणाऱ्या थरापर्यंत नाला खोदला की शेजारच्या विहिरीचं पाणी त्याच्यात पाझरून जाते. सगळे म्हणतात पाणी जिरवलं, खरं म्हणजे पाझरवलं.

पूर्णाकाठ (अकोला):
खारपाणपट्ट्यात हे चारही शब्द कमी पडतात. इथे गाळाची चोपण, म्हणजे क्षारानं घट्ट-चिकट झालेली जमीन, पाणी जिरतच नाही, साचतं किंवा वाहतं, आणि खाली भूजल आहे पण खारं. म्हणून आमच्याकडे 'पाणी लागलं' एवढ्यानं भागत नाही, 'गोडं लागलं का' हे विचारावं लागतं. शेततळ्यात पावसाचं पाणी धरून ठेवणं हाच इथे मार्ग आहे.

धानवाली (भंडारा):
दादा, 'पाझर तलाव' या शब्दाचं काय मग? तो तर पाणी खाली सोडायलाच बांधतात. आमच्याकडचे मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातले, कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले, त्यांचं पाणी पाटानं धानाच्या बांध्यांत जातं आणि तळातून पाझरून खालच्या विहिरींना मिळतं. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, गाळ काढायची गावाची रीत मोडली. गाळानं तळ बुजला की साठाही कमी आणि पाझरही कमी. इकडे पाऊस अकोल्यापेक्षा कितीतरी जास्त, तरी उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात, माझ्या मते कारण हेच आहे.

कोरडवाहू:
ताई, तलावाच्या बाजूनं पाहा, पाणी तलावातून बाहेरच निघून राहिलं ना! म्हणून पाझर. शब्द बरोबर आहे.

वणीकर:
एक शब्द राहिला, 'उपसा'. आमच्याकडे कोळशाच्या उघड्या खाणी खोल गेल्या की आत झिरपलेलं पाणी पंपानं रात्रंदिवस नाल्यात फेकतात. म्हणजे जे पाणी जमिनीतून हळूहळू पाझरून वर्धेला गेलं असतं ते आजच गेलं. भोवतालच्या गावांच्या विहिरी खाली जातात. ताळेबंदात हा रकाना नसला तर हिशेब जुळणार नाही.

वर्धाकाठ:
आमच्या शिवारात खाण नाही, पण बोअर अन् विहिरीवरचे पंप आहेत, तं उपसा टाकतोच. 'मुरलं' हा ओलीचा रकाना, 'झिरपलं' हा विहिरीत जे लागते त्याचा, अन् 'पाझरलं' नाल्याच्या बाजूले वेगळं. जिरलं म्हणजे या तिन्हींची बेरीज, असं धरतो. धानवाली ताई, तुमच्याकडे तलावाचा पाझर मोजाले काही गावठी रीत असली तं सांगा, आमच्या गावतलावाचा आकडा अजून कोराच आहे.