मारुती जिप्सी एमजी४१० ला जिप्सी किंगचे रुंद एक्सल बसवावेत का? सल्ला हवा

पायवाट:
गाडी एमजी४१०, १९८९ ची, ९७० सीसी, चार गिअर, अरुंद ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर), ब्रेकला बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) नाही. चाळीसच्या पुढे मागच्या एक्सलमधून घुंघुं आवाज येतो. स्क्रॅपमध्ये २००२ च्या किंगचे (नंतरची १.३ लिटरची जिप्सी) पुढचे-मागचे एक्सल जोडीने मिळतायत, हबपासून हबपर्यंत पूर्ण. आवाजही जाईल आणि वळणावर गाडी जरा दबून चालेल, असा विचार आहे. थेट बसतात का? सोबत काय काय घ्यावं लागेल? ब्रेकचं काय? बजेट मजुरी धरून ४० हजार, त्याच्या वर जाणार नाही. वापर रोजचा रस्ता आणि शेताकडची कच्ची वाट.

चौदा_नंबर:
डोळे झाकून घ्या. माझ्या गाडीखाली रुंद एक्सलच आहेत, फरक पहिल्याच वळणावर कळतो. जुन्याचा ट्रॅक पुढे १२१० आणि मागे १२२० मिमी. १९९३ मध्ये रुंद ट्रॅकची एमजी४१०डब्ल्यू आली तेव्हा तो १३०० आणि १३१० झाला. म्हणजे एकेका बाजूला ४५ मिमी. टायर तेवढाच बाहेर येतो, म्हणून मडगार्डला फ्लेअर (बाहेर आलेली कड) लावावेच लागतात, नाहीतर चिखल दारांवर. गाडी उघडतायच तर पॅराबोलिक पाटे (कमानीच्या स्प्रिंगा), नवे शॉक आणि पॉवर स्टिअरिंगही एकदमच करून घ्या. दोनदा मजुरी कशाला द्यायची?

लेथकाम:
४० हजारांत पॉवर स्टिअरिंग? मूळ प्रश्न वाचा.

पायवाट, पैसे देण्याआधी एक्सलचा रेशो मोजा, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला पिनियन किती फेरे फिरतं ते. जुन्या ४१० घराण्यात ३७/९ दातांचा, म्हणजे ४.११ चा क्राऊन-पिनियन (एक्सलमधली मुख्य गिअरची जोडी) असतो. १.३ लिटरच्या भावंडांत ४१/११, म्हणजे ३.७३ सुद्धा सापडतो. स्क्रॅपमधल्या एक्सलचं हाऊसिंग (बाहेरचं कवच) कुठलं आणि आतलं काम कुठलं, याचा भरवसा नसतो, त्यामुळे विकणाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

एक्सल सुटा पडलेला असेल तर एका बाजूचा हब घट्ट धरून ठेवा, दुसऱ्या बाजूचा हब वीस फेरे फिरवा आणि पिनियनच्या फ्लँजवर खडूची खूण करून तिचे फेरे मोजा. एकच बाजू फिरते तेव्हा डिफरेन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) निम्म्या वेगाने फिरतं, म्हणून वीस फेऱ्यांना ४.११ वर ४१ च्या आसपास येतील, ३.७३ वर ३७ च्या थोडे वर. पुढच्या एक्सलला फ्री-व्हील हब (चाक शाफ्टपासून सोडवता येणारे) असतील तर आधी लॉक करा. पुढे-मागे एकच आकडा आला नाही तर सेट सोडून द्या. वेगळ्या रेशोवर फोर-व्हील टाकली की दोन्ही एक्सल एकमेकांना ओढत राहतात आणि ट्रान्स्फर केसचा (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सचा) बळी जातो.

उतारावरचा:
रेशो मोजाच, लेथकाम बरोबर सांगतायत. ४.११ काढून ३.७३ बसवला तर चाकावरची ओढ सुमारे १० टक्के घटते. ९७० सीसीच्या इंजिनाला आणि चारच गिअरना चढावर ते जाणवतं. शिवाय या गाडीत स्पीडोमीटरची केबल ट्रान्स्फर केसमधून निघते. रेशो बदलला की काटा खोटं बोलतो: तो ५० दाखवेल तेव्हा गाडी ५५ ला असेल.

चौदा_नंबर:
मग जुना ४.११ चा गोळा (क्राऊन-पिनियनसकट डिफरेन्शियल) रुंद हाऊसिंगमध्ये टाका. प्रश्न मिटला.

लेथकाम:
आधी हाफ शाफ्टचे (गोळ्यातून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचे) स्प्लाइन, म्हणजे टोकावरच्या खाचा, मोजा. या घराण्यात २२ चे आणि २६ चे, दोन्ही शाफ्ट आहेत. २६ चा शाफ्ट २२ च्या गोळ्यात जात नाही. आणि गोळा बदलला तरी क्राऊन एकाचा, पिनियन दुसऱ्याचा असं कधीच करू नका. ते जोडीने घासून बसलेले असतात.

कमानपाटा:
ब्रेकबद्दल कुणीच बोललं नाही. किंगच्या एक्सलला पुढे डिस्क ब्रेक आहेत, तुमच्यासारखे ड्रम नाहीत. डिस्क बसवताय तर मास्टर सिलिंडर (पॅडलने ब्रेकच्या तेलाला दाब देणारा), बूस्टर आणि प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (पुढे-मागे दाब वाटणारा) त्याच गाडीचे एकत्र घ्या. ड्रमसाठी बनलेल्या मास्टर सिलिंडरमध्ये लाइनीत थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. डिस्कवर तोच दाब पॅड घासत ठेवतो, डिस्क तापते आणि तेल उकळलं की पॅडल खाली जातं. बूस्टर नसेल तर डिस्कवर पाय फार जोरात लावावा लागतो. आणि बूस्टरला व्हॅक्यूम लागतो, म्हणजे इंजिनच्या मॅनिफोल्डला नळीसाठी भोक (टॅपिंग) आलं.

टाय रॉड आणि ड्रॅग लिंक हे स्टिअरिंगचे दांडेही रुंद गाडीचेच घ्या. जुने कापून-जोडून वापरणाऱ्या वेल्डरच्या हाती गाडी देऊ नका. जोडल्यावर टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलेली) २ ते ६ मिमीत बसवा.

पाटे एक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवेच. पाट्यांच्या सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या बैठकीतल्या भोकात पूर्ण बसलंय का ते बोटाने चाचपून बघा, मगच यू-बोल्ट आळीपाळीने, तिरके तिरके आवळा. शॅकलचे (पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या दुव्याचे) बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी करून शेवटी आवळायचे. गाडी हवेत असताना आवळले तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात आणि लवकर फाटतात. ५०० किमीनंतर यू-बोल्ट पुन्हा तपासा.

बांधावरून:
आरटीओचं बघितलंत का? गाडीतल्या बदलांबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की कंपनीच्या मूळ रचनेला सोडून बदल चालणार नाही. १९८९ ची गाडी म्हणजे फिटनेसची तपासणी आलीच.

चौदा_नंबर:
रुंद एक्सलही त्याच कंपनीचे, त्याच नावाच्या गाडीचे. त्यात मूळ रचना सोडली कुठे?

बांधावरून:
मंजुरी मॉडेलला मिळते, नावाला नाही. तुमचं मॉडेल एमजी४१०, त्याचा ट्रॅक १२१०. लेखी परवानगी आधी मागा. आणि चॅसीचा सांगाडा तर कधीच बदलू नका, नंबर त्याच्यावर कोरलेला असतो.

उतारावरचा:
एक मूळ मुद्दा राहिला. आवाज नेमका कशाचा? रिकाम्या सरळ रस्त्यावर ५० ला हलकेच डावी-उजवीकडे झोकवा. एका बाजूला आवाज वाढला आणि दुसरीकडे कमी झाला तर चाकाचं बेअरिंग. ॲक्सिलरेटर दाबताना-सोडताना बदलला तर पिनियन किंवा क्राऊन. चाकाच्या आतल्या बाजूला तेल दिसत असेल तर सील गेलंय; त्याआधी एक्सलचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं भोक) तुंबलाय का ते बघा, आत दाब साठला की नवं सीलही टिकत नाही.

चौदा_नंबर:
बेअरिंग असो नाहीतर पिनियन, रुंद एक्सल आले की सगळंच जातं ना! घेऊन टाका.

पायवाट:
सगळ्यांचे आभार. आज झोकवून पाहिलं. उजवीकडे वळवताना आवाज वाढतो, डावीकडे जवळजवळ बंद होतो. ॲक्सिलरेटरने काहीच फरक नाही. म्हणजे मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग. स्क्रॅपवाल्याकडे मागचा एक्सल फिरवला: वीस फेऱ्यांना ३९ आले.

रुंद एक्सल घेत नाही. मागची दोन्ही बेअरिंग, सील, चारही पाट्यांचे बुश आणि नवे यू-बोल्ट, एवढंच करतोय. गाडी अरुंदच राहील.

लेथकाम:
वीसला ३९ म्हणजे ४३/११, ३.९१. तोही तुमच्या ४.११ शी जुळत नव्हता.

मागच्या शाफ्टवर बेअरिंगला धरून ठेवणारी रिंग दाबून बसवलेली असते. ती ग्राइंडरने एका जागी पातळ करून छिन्नीने फोडायची, ग्राइंडर शाफ्टला लागू द्यायचा नाही. जुनी रिंग परत वापरू नका, नवी प्रेसवरच बसवा. ती सैल बसली तर शाफ्ट चाकासकट बाहेर येतो.