‘फ्री कॅम्पिंग’ला मराठीत काय म्हणावं? विसावा, मुक्काम की तळ?

विचारणा

मोटरहोममधून, म्हणजे राहण्याझोपण्याची सोय असलेल्या गाडीतून, आडवाटांनी फिरणाऱ्यांसाठी एक माहितीपुस्तिका मराठीत लिहिते आहे. गाडी अडली ती ‘फ्री कॅम्पिंग’पाशी. ‘मोफत शिबिर’ लिहिलं की डोळे तपासून घ्यायला रांग लागल्यासारखी वाटते. ‘मुक्त तळ’ म्हटलं तर अर्थच लागत नाही. मला म्हणायचंय एवढंच: नेमून दिलेली जागा नाही, भाडं नाही, नळ नाही, वीजजोडणी नाही, गाडी उभी केली आणि तिच्यातच रात्र काढली. शिवाय मोटरहोमला घरगाडी म्हणू की गाडीघर?

उत्तर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. घरगाडी. अशा समासात शेवटचं पद मुख्य असतं, म्हणून घरगाडी ही एक प्रकारची गाडी आणि गाडीघर हे एक प्रकारचं घर, म्हणजे जवळजवळ गॅरेजच. फक्त कॅरॅव्हॅनचा घोळ आधीच मिटवा. तिला स्वतःचं इंजिन नसतं, दुसऱ्या गाडीने ओढून न्यावी लागते. ‘ओढायची घरगाडी’ म्हणा, किंवा सरळ कॅरॅव्हॅन राहू द्या. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणून ‘बिऱ्हाडगाडी’ सुचवणार होतो, पण सामान हलवणारा टेम्पो डोळ्यांपुढे आला.

उत्तर

‘फ्री’चे दोन अर्थ आहेत आणि इंग्रजीवाले ते सोयीने एकत्र वापरतात: पैसे न लागणारा आणि बंधन नसलेला. न्यूझीलंडमध्ये याला ‘फ्रीडम कॅम्पिंग’ म्हणतात, म्हणजे जोर मोकळिकीवर. 2011 चा तिथला कायदाही याच नावाचा आहे. अमेरिकेत ‘बूनडॉकिंग’ चालतं. त्याचं मूळ टागालोग भाषेतल्या ‘बुंडोक’मध्ये आहे. अर्थ डोंगर. फिलिपिन्समध्ये लढायला गेलेल्या अमेरिकी सैनिकांनी तो शब्द उचलला आणि पुढे कुठल्याही आडरानाला ‘बूनडॉक्स’ म्हणू लागले. त्यांनी डोंगर घेतला, आपण रान घेऊ: रानमुक्काम.

(‘मुक्त मुक्काम’ कानाला गोड लागतं, पण दोघांचं नातं काही नाही. मुक्त संस्कृतातला, मुक्काम अरबीतून आलेला.)

उत्तर

रानमुक्काम छान वाटतो, पण फसवा आहे. बोलीत ‘रानात गेलाय’ म्हणजे बरेचदा शेतात गेलाय. शेताला मालक असतो. वाचक कुणाच्या तरी बांधाला गाडी लावेल आणि वर पुस्तिका दाखवेल. आडवाट, आडगाव, आडरान यांच्या ओळीत आडमुक्काम का नको?

उत्तर

नवा शब्द पाडण्याआधी जुने नीट वापरून पाहू या. या विषयात नेमका जो फरक महत्त्वाचा, तो मराठीत आयताच आहे.

*विसावा*: डोळे मिटू लागले म्हणून गाडी कडेला घेतली.
*मुक्काम*: रात्र काढली, सकाळी निघालो.
*तळ*: आता इथेच काही दिवस. तळ ‘ठोकतात’ आणि ‘हलवतात’. मुक्काम बहुधा नुसता ‘करतात’. तळाला खुंट्या असतात.

हा भाषेचा शौक नाही, दंडाचा प्रश्न आहे. न्यूझीलंडच्या त्या कायद्यातच लिहिलंय की गाडी चालवताना येणारा थकवा टाळायला रस्त्याकडेला झोपणं म्हणजे फ्रीडम कॅम्पिंग नव्हे. हा झाला विसावा. जर्मनीत पुन्हा गाडी चालवण्याइतकं ताजंतवानं होण्यासाठी एक रात्र गाडीत झोपलेलं चालतं. पण खुर्च्या बाहेर मांडल्या, छत ताणलं की ते कॅम्पिंग धरलं जाऊ शकतं. गाडी तीच, जागा तीच, दोन खुर्च्यांनी मुक्कामाचा तळ झाला! आणि अमेरिकेत सरकारी जमिनींचा मोठा वाटा सांभाळणाऱ्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटचा सर्वसाधारण नियम असा की 28 दिवसांत एका जागी 14 दिवस, मग तळ हलवायचा. त्याला मुक्काम म्हणणं बरोबर नाही.

तेव्हा ‘फ्री कॅम्पिंग’ला एकच प्रतिशब्द शोधू नका. जिथे जे होतंय ते लिहा. पैशांचं सांगायचं असेल तिथे ‘भाडं नाही’ असं साधं वाक्य पुरे.

विचारणारीच पुन्हा

खुर्च्यांचा मुद्दा पटला. माझ्या खर्ड्यात सगळीकडे ‘तळ’च होता. शीर्षकात मात्र एक शब्द लागेल, तिथे आडमुक्काम घेते. अजून एक. बॅककंट्री रोडच्या, म्हणजे वस्तीपासून दूरच्या कच्च्या रस्त्यांच्या, प्रकरणाला ‘चाकोरीबाहेरच्या वाटा’ नाव दिलंय. ठीक?

उत्तर

अजिबात नाही! चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी जमिनीत पडलेली खाच. ‘चाकोरीबाहेर’ हे आपण कौतुकाने म्हणतो, पण या रस्त्यांवर चाकोरी सोडणं हाच गुन्हा. आधी वापरलेल्या वाटेवरूनच जा, आधी वापरलेल्या जागीच थांबा, नवी वाट पाडू नका, हे तिथलं पहिलं सांगणं. अमेरिकेतल्या यूटासारख्या कोरड्या प्रदेशात मातीवर जिवाणू, शेवाळ, दगडफूल यांचा जिवंत पापुद्रा असतो. तो चाकाखाली मोडला तर भरून यायला कित्येक दशकं जातात.

चाकोरी खोल असेल तर घरगाडीचं पोट मधल्या उंचवट्याला घासतं, म्हणून चालवणारे कधी एक चाक त्या उंचवट्यावर चढवून जातात. मागच्या चाकांपलीकडे लांब शेपूट असलेल्या गाड्यांचं ओढा ओलांडताना हमखास बूड टेकतं. हे सगळं ‘आडवाट’ या एका शब्दात कोंबू नका. आडवाट जागेबद्दल सांगते, रस्त्याच्या प्रतीबद्दल नाही. उत्तम डांबरी आडवाटाही असतात. कच्चा रस्ता, मुरमाचा रस्ता, गाडीवाट असं वेगवेगळं लिहा. पाणंद मात्र नको. ती दोन कुंपणांमधली चिंचोळी वाट, तिथे घरगाडी शिरली तर उलटीच बाहेर काढावी लागेल.

विचारणारीच पुन्हा

गाडीवाट घेते. ‘वॉशबोर्ड’ रस्ता? कपडे धुण्याच्या खाचदार फळीवरून आलंय, पण आपल्याकडे ती फळी कुणाच्या डोळ्यांसमोर नाही.

उत्तर

पत्रा आहे ना. पन्हाळी रस्ता, पन्हाळी पत्र्यासारखा. कोरड्या, सैल खडीवर चाकं ठरावीक वेगापेक्षा जोरात फिरली की अशा लाटा उठतात आणि प्रत्येक पुढची गाडी त्या वाढवते. टायरची हवा थोडी कमी करून हळू गेलं तर हादरे सोसवतात, फक्त डांबर लागताच हवा पुन्हा भरायची. तुमच्या पुस्तिकेत ‘टायरचा दाब शिथिल करावा’ असलं काही असेल तर आधी ते काढा.

उत्तर

पाण्याचे शब्दही बघून घ्या. ‘ग्रे वॉटर’ला करडं पाणी म्हटलेलं वाचलंय, अंगावर काटा आला. बेसिनचं आणि अंघोळीचं ते *सांडपाणी*, शौचालयाच्या टाकीतलं ते *मैलापाणी*. दोन्ही शब्द रोजचे आहेत, रंगांची गरज नाही. आडमुक्कामाचे दिवस बहुधा या टाक्याच ठरवतात, डिझेल नव्हे. न्यूझीलंडने 2023 मध्ये नियम कडक केले तेव्हा ‘स्वयंपूर्ण’ गाडीत (जी पाणी आणि मैला स्वतःच्याच टाक्यांत ठेवते) शौचालय पक्कं बसवलेलं हवं, अशी अट घातली. सुटं, उचलून ठेवता येणारं आता चालत नाही.

विचारणारीच पुन्हा

शेवटचं, मग थांबते. ‘डम्प स्टेशन’? ‘मैला निःसारण केंद्र’ लिहिलं होतं.

उत्तर

केंद्र कसलं, जमिनीत झाकणाचं एक भोक आणि शेजारी नळ. ‘टाकी रिकामी करायची जागा’ लिहा. आणि त्या नळाचं पाणी प्यायचं नसतं, हे पुढच्याच ओळीत.