लठ्ठ उंदरांची मेदऊती: एकाच जागेची, फक्त नरांची तपासून चालेल का?

प्रश्न (एम.एस्सी. जीवरसायनशास्त्र, कालिना)
लठ्ठपणामुळे मेदऊतीतील (चरबी साठवणाऱ्या ऊतीतील) लिपिडे, म्हणजे स्निग्ध रेणू, कशी बदलतात, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. ६० टक्के उष्मांक चरबीतून मिळणारा आहार नर उंदरांना देऊन वृषणालगतची चरबी तपासायची, असा आराखडा आहे. ती भरपूर मिळते आणि सहज काढता येते. पण तेवढ्यावरून ‘लठ्ठपणाचा परिणाम’ असे लिहिता येईल का?

उत्तर (प्राणी-प्रयोगशाळा, परळ)
माझ्या मते येणार नाही. वृषणालगतच्या चरबीच्या गादीला सर्रास पोटातील चरबी म्हटले जाते; परंतु थेट यकृताकडे जाते ते आतड्यांभोवतीच्या चरबीचे रक्त, या गादीचे नव्हे, आणि माणसात तर तिच्या तोडीची गादीच नाही. शिवाय नर दीर्घकाळ लठ्ठ राहिला की तिच्यातील मेदपेशी मोठ्या प्रमाणावर मरतात, त्यांच्याभोवती मॅक्रोफेज (मृत पेशी गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) गोळा होतात आणि या मॅक्रोफेजच्या पेशीपटलांची लिपिडेही आपल्या मोजणीत येतात. जांघेतील त्वचेखालची चरबी सोबत घ्यावीच.

उत्तर (लिपिड-विश्लेषण, माटुंगा)
जांघेची चरबी घेताना मात्र फार जपावे लागते. तिच्यात लसीकाग्रंथी असते, ती आधी काढून टाकावी. आणि मादीत त्याच गादीत स्तनग्रंथीच्या नलिका पसरलेल्या असतात, त्यामुळे मादीच्या नमुन्यात फॉस्फोलिपिडे (पेशीपटल ज्यांचे बनते ती लिपिडे) जास्त आढळली, तर तो मेदपेशींतील फरक आहे की नलिकांचा, हे ऊतीचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ठरवू नये.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मेदऊतीतील लिपिडांपैकी ९० टक्क्यांहून अधिक भाग ट्रायग्लिसराइडांचा, म्हणजे साठवणीच्या चरबीचा, असतो. लठ्ठपणात मेदपेशी फुगते तेव्हा आतील साठा पटलापेक्षा कितीतरी वेगाने वाढतो. म्हणून दर मिलिग्रॅम ऊतीमागे फॉस्फोलिपिडे घटलेली दिसतात, पटलाची घडण तीच राहिली तरीही. यास्तव लिपिडांच्या प्रत्येक वर्गातील घटकांचे परस्पर प्रमाण स्वतंत्रपणे मांडावे. लिनोलेइक आम्ल हे मेदाम्ल उंदीर स्वतः तयार करू शकत नाही, म्हणजे त्याच्यातील चढउतार बव्हंशी खाद्याचा असतो. चरबीयुक्त आणि तुलनेसाठीचे, अशा दोन्ही खाद्यांतील मेदाम्लांचे प्रमाण तपासल्याखेरीज त्यावरून निष्कर्ष काढू नये.

उत्तर (शरीरक्रियाशास्त्राची शिक्षिका, ठाणे)
ताई, माद्या अवश्य घ्या. याच आहारावर त्यांचे वजन नरांपेक्षा हळू वाढते, आणि अंडाशये काढली की हे संरक्षण बरेच ओसरते. त्यामुळे समान आठवड्यांनी तुलना केल्यास लिंगाचा परिणाम आणि कमी लठ्ठपणाचा परिणाम एकमेकांत मिसळतात. शरीरातील मेदाचे प्रमाण जुळणाऱ्या नर-माद्यांचा एक गट जरूर ठेवा.

प्रश्नकर्ती
आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. आता नर आणि माद्या, दोन्हींच्या तीन जागा घेईन: जननग्रंथीलगतची (नरात वृषणालगतची, मादीत अंडाशयालगतची), आतड्यांभोवतीची आणि जांघेतील चरबी. प्राण्यांची संख्या वाढणार असल्याने संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीकडे सुधारित अर्ज करावा लागेल. समितीची मंजुरी मिळेपर्यंत आहार सुरू करणार नाही.