परदेशात अनोळखी माणसाने गाठले तेव्हा : नाशिककरांनो, आपले अनुभव लिहा

गोदाकाठची

गेल्या रविवारी सकाळी मी रामकुंडावर गेले होते. तिथे एक मुलगा एका वयस्कर परदेशी बाईंच्या मनगटावर, त्या नको नको म्हणत असताना, लाल दोरा बांधत होता. बाई अवघडून हसत होत्या, पण हात मागे घ्यायचे धैर्य त्यांना होत नव्हते. मी जाऊन त्या मुलाला थांबवले. ते अवघडलेले हसू मी लगेच ओळखले होते, कारण २०१८ च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये माझ्याही चेहऱ्यावर नेमके तेच हसू होते.

मोंमार्त्रच्या टेकडीवर साक्रे-कर चर्च आहे. त्याच्या पायऱ्यांच्या तोंडाशी चार-पाच तरुण उभे होते. त्यांच्यातला एक ‘इंडिया? नमस्ते! शाहरुख खान!’ असे म्हणत पुढे आला. परक्या मुलखात आपले काहीतरी ऐकून बरे वाटले, मी मान डोलावली आणि तेवढ्यात त्याने माझ्या तर्जनीत तीन रंगांच्या धाग्यांचा फास अडकवला. धाग्यांची दुसरी टोके त्याच्या हातात होती आणि तो भराभर वेणी घालत होता, त्यामुळे मी हात ओढला की बोट आवळले जायचे. दोन मिनिटांत ती वेणी मनगटाभोवती गुंडाळून त्याने अशी गाठ मारली की ती कात्रीशिवाय सुटूच नये. मग त्याने वीस युरो मागितले. आमचे हे पाच देऊ लागले, तेव्हा आणखी दोघे अगदी खांद्याला खांदा लावून उभे राहिले. आम्ही वीस देऊन निघालो. हॉटेलवर पोहोचल्यावर कळले की त्याच पाकिटातले आणखी शंभर युरो नाहीत. पाकीट कोणत्या खिशात आहे, हे आम्हीच त्यांना उघडून दाखवले होते.

आम्ही लोभाने फसलो नाही, भिडेने फसलो, असे मला आजही वाटते. भीड भिकेची बहीण, असे माझी आजी म्हणत असे, आणि त्याचा अर्थ मला त्या पायऱ्यांवर कळला. तुम्हाला कोणी, कुठे आणि मुख्य म्हणजे पहिले वाक्य काय बोलून गाठले, ते कृपया लिहा. ते पहिले वाक्य माहीत असेल तर पुढचा माणूस सावध होईल.

द्राक्षवेल

ताई, आम्हालाही पॅरिसनेच धडा दिला, लूव्र संग्रहालयाच्या अंगणात. दोन मुली हातात पुठ्ठ्याची फळी आणि त्यावर कागद घेऊन आल्या. आपण मूकबधिर असल्याची खूण करून त्यांनी सही मागितली. माझी बहीण कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते, त्यामुळे मी क्षणभरही विचार न करता पेन घेतले. मी सही करत असताना ती फळी माझ्या पर्सच्या बरोबर वर धरलेली होती आणि फळीखालून दुसरीचा हात काम करत होता. फोन गेला. फोनपेक्षाही मला याचे दुःख जास्त झाले की त्यानंतर काही महिने खऱ्या गरजूकडेही मी संशयाने पाहत होते.

नाशिकरोडकर

मी एकतीस वर्षे नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये नोकरी केली. नोटा पाहण्यात आणि मोजण्यात माझे आयुष्य गेले, आणि तरीही २०१९ मध्ये बालीतल्या कुटा येथे माझ्या डोळ्यांदेखत माझ्या नोटा कमी झाल्या, म्हणून हे सविस्तर लिहितो.

एका कपड्याच्या दुकानाच्या मागच्या बाजूला चलन बदलून देण्याची छोटी खिडकी होती. बाहेरच्या फलकावरचा भाव इतर सगळ्यांपेक्षा चांगला होता आणि ‘कमिशन नाही’ असे ठळक लिहिले होते. मी तीनशे डॉलर दिले. हिशेब बेचाळीस लाख रुपियाचा, म्हणजे तिथल्या चलनाचा, झाला. तिथे एक लाखाची नोट सर्रास चालते, म्हणजे बेचाळीस नोटांत काम व्हायला हवे होते. त्या माणसाने मात्र वीस हजारांच्या दोनशे दहा नोटा काढल्या. एवढा ढीग समोर आला की माणूस शून्यांतच हरवतो. त्याने वीस-वीसचे गठ्ठे करून टेबलावर मांडले. मी स्वतः मोजले आणि रक्कम बरोबर निघाली. मग तो म्हणाला, ‘एकदा सरळ करून देतो,’ आणि सगळे गठ्ठे एकत्र करून त्याने टेबलाच्या कडेवर ठोकले, जशी आपण पत्त्यांची जुडी ठोकून सारखी करतो. त्या ठोकण्यात मागच्या बाजूच्या नोटा त्याच्या मांडीवर उघड्या ठेवलेल्या खणात पडल्या. हॉटेलवर मोजल्यावर वीस नोटा कमी भरल्या, म्हणजे चार लाख रुपिया. परत गेलो तेव्हा ती खिडकी बंद होती.

प्रेसमध्ये आमचा साधा दंडक होता की गठ्ठा ज्याने मोजला त्याच्याच हातून तो पुढे जायचा. परदेशातही तेच करावे. आपण मोजल्यानंतर समोरच्याने नोटांना पुन्हा हात लावला, तर ती मोजणी रद्द समजावी आणि पहिल्यापासून मोजावे. त्याला राग येईल, येऊ द्यावा. इंडोनेशियात परवानाधारक ठिकाणी ‘पीव्हीए बेरिझिन’ असा फलक असतो, तो पाहूनच आत जावे.

येवल्याची लेक

काका, तुमचे लिहिणे आईला वाचून दाखवले. मी आणि आई अठरा तारखेला रोम, फ्लॉरेन्स आणि पॅरिसला जात आहोत. आई चौसष्ट वर्षांची आहे आणि तिचा हा पहिलाच परदेश प्रवास आहे. आम्ही दोघीच आहोत, यात्रा कंपनी बरोबर नाही. रोख किती न्यावी आणि कुठे ठेवावी, हे कोणी सांगेल का?

मखमलाबादकर

रोख दोन-तीन ठिकाणी विभागून ठेवावी आणि एका दिवसाला लागेल तेवढीच वरच्या पाकिटात असावी, म्हणजे रस्त्यावर दुसरे पाकीट उघडण्याची वेळ येत नाही. फॉरेक्स कार्ड, म्हणजे परकीय चलन आधीच भरून ठेवलेले कार्ड, जरूर घ्यावे. कार्ड वापरताना यंत्र विचारते की पैसे युरोत घेऊ की रुपयांत. तिथे नेहमी स्थानिक चलन, म्हणजे युरो निवडावे. रुपये निवडले तर चलन बदलण्याचा भाव त्या यंत्राच्या मालकाचा लागतो आणि तो बहुधा महाग असतो. हे बेकायदा नाही, पण अनेकांना कळतही नाही.

कोणी पुढे प्रागला जाणार असेल तर त्यांच्यासाठी : २०१९ पासून चेक प्रजासत्ताकात असा कायदा आहे की चलन बदलल्यावर तीन तासांच्या आत, एक हजार युरोपर्यंतचा व्यवहार पावती दाखवून रद्द करता येतो. माझ्या भावाला फार वाईट भाव मिळाला होता. तो तासाभरात परत गेला आणि पावती पुढे ठेवल्यावर पैसे निमूट परत मिळाले.

पंचवटीकर

माझा अनुभव इस्तंबूलच्या सुलतानअहमद भागातला आहे. माझ्यापुढे चालणाऱ्या बूटपॉलिशवाल्याच्या पेटीवरून ब्रश खाली पडला आणि तो तसाच पुढे निघाला. कोणाही सुसंस्कृत माणसाने केले असते तेच मी केले. ब्रश उचलला आणि त्याला हाक मारून दिला. त्याने छातीवर हात ठेवून आभार मानले आणि ‘फुकट, फुकट’ म्हणत माझ्या बुटांना पॉलिश सुरू केले. पॉलिश संपता संपता आजारी मुलाची गोष्ट निघाली आणि मग रकमेची मागणी आली. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर दुसऱ्या पेटीवरून ब्रश पडताना पाहिला, तेव्हा सगळा उलगडा झाला. गोदाकाठचीताई भीड म्हणतात ते पटते, पण इथे तर माझा चांगुलपणाच त्यांच्या धंद्याचे भांडवल होता.

सराफ बाजार

आम्ही २०१६ मध्ये बँकॉकला ग्रँड पॅलेस पाहायला गेलो. प्रवेशद्वारापासून थोडे अलीकडे, इस्त्रीचा पांढरा सदरा आणि गळ्यात ओळखपत्र घातलेला एक माणूस भेटला. त्याचे पहिले वाक्य होते, ‘आज पूजा आहे, दुपारी एकपर्यंत बंद.’ आपल्याकडे देवळे दुपारी बंद असतात, त्यामुळे आम्हाला शंका आली नाही. त्याने नकाशावर दोन बुद्धमंदिरांवर खूण केली आणि वीस बाहतमध्ये सगळे फिरवणारा टुकटुक बोलावला. दुसऱ्या मंदिरानंतर टुकटुक थेट रत्नांच्या दुकानापाशी थांबला. चालकाने हात जोडून सांगितले की तुम्ही काही घेतले नाही तरी चालेल, फक्त दहा मिनिटे आत बसा, मला पेट्रोलचे कुपन मिळते.

आमच्या घरात तीन पिढ्यांचा सोन्याचा व्यवसाय आहे, म्हणून आम्ही नीलम हातात घेऊन पाहिला आणि उठलो. पण शेजारच्या खुर्चीवर एक भारतीय जोडपे ‘भारतात दुप्पट किमतीला विकता येईल’ हे ऐकून कार्ड काढत होते. मी मराठी-हिंदीत त्यांना थांबवायचा प्रयत्न केला, पण त्यांनी ऐकले नाही. त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. ग्रँड पॅलेस त्या दिवशी उघडाच होता. स्थळ बंद आहे की नाही हे तिकीट खिडकीवर जाऊनच पाहावे, वाटेत भेटलेल्या कोणाचे खरे मानू नये. थायलंडमध्ये पर्यटकांसाठी स्वतंत्र पोलीस आहेत आणि त्यांचा क्रमांक ११५५ आहे.

सिडको ते सातपूर

थायलंडचा विषय निघाला म्हणून लिहितो, कारण हे पर्यटनापेक्षा फार गंभीर आहे. माझ्या भाच्याला टेलिग्रामवर ‘बँकॉकमध्ये डेटा एन्ट्री, राहणे-जेवण आणि तिकीट आमचे’ असा निरोप आला. मुलाखत पाच मिनिटांत संपली आणि पर्यटक म्हणूनच ये, परवाना इथे करू, असे सांगण्यात आले. अशा मुलांना थायलंडच्या सीमेवरच्या माए सोत शहरामार्गे मोए नदीपलीकडे म्यानमारमधल्या म्यावड्डीला नेऊन, कोंडून, त्यांच्याकडून दुसऱ्यांना ऑनलाइन फसवण्याचे काम करून घेतात. परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ पासून याबाबत वारंवार इशारे दिले आहेत. आम्ही सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर, जिथे नोंदणीकृत एजंटांची यादी असते, त्या एजंटचे नाव शोधले, ते नव्हते, आणि भाच्याला जाऊ दिले नाही. तो दोन महिने आमच्याशी बोलत नव्हता. आता बोलतो. तुमच्या ओळखीत कोणाला असा निरोप आला तर कृपया त्याला एकटे सोडू नका.

नाशिकरोडकर

सिडकोकर, तुम्ही योग्य केले. पासपोर्टबद्दल एक गोष्ट राहिली होती ती लिहितो. फुकेत, पट्टाया अशा ठिकाणी जेट-स्की किंवा स्कूटर भाड्याने देताना पासपोर्ट तारण मागतात आणि परत करताना जुनाच ओरखडा दाखवून भरपाईची रक्कम लावतात. पासपोर्ट त्यांच्याकडे असल्याने माणूस हतबल होतो. ही पुस्तिका आपल्याच नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते आणि ती भारत सरकारची मालमत्ता असल्याचे तिच्यातच लिहिलेले असते. ती कोणाकडेही तारण ठेवू नये. रोख अनामत द्यावी, आणि वाहन ताब्यात घेण्यापूर्वी मालकासमोरच चारही बाजूंचे छायाचित्रण करावे. पासपोर्ट हरवलाच तर आधी स्थानिक पोलिसांकडून तक्रारीची प्रत घ्यावी आणि मग भारतीय दूतावास गाठावा. परतीसाठी तिथे आपत्कालीन प्रमाणपत्र मिळते. जवळ छायाप्रत असेल तर हे काम पुष्कळ सोपे होते.

द्राक्षवेल

सगळे वाचून एक भीती वाटते, म्हणून लिहिते. रोममध्ये तेर्मिनी स्थानकाहून व्हॅटिकनकडे जाणारी चौसष्ट क्रमांकाची बस खिसेकापूंसाठी प्रसिद्ध आहे. त्याच बसमध्ये एका इटालियन आजींनी माझ्या पाठीवरची पिशवी स्वतःच्या हाताने फिरवून माझ्या पोटाशी आणली आणि उतरेपर्यंत त्या माझ्यामागे उभ्या राहिल्या. आमच्यात एकही शब्द समान नव्हता. त्यांनाही मी झिडकारले असते तर?

गोदाकाठची

तुमचा प्रश्न फार खरा आहे आणि मी यावर बराच विचार केला आहे. माझ्यापुरते मी असे ठरवले आहे की मदत हवी असेल तेव्हा माणूस मी निवडते. दुकानातली बाई, मुलाला घेऊन चाललेली आई किंवा गणवेशातला कर्मचारी यांना मी स्वतः जाऊन विचारते आणि ते जवळजवळ नेहमीच मनापासून मदत करतात. जो मला निवडून माझ्याकडे येतो, त्याच्याशी मी चालता चालताच बोलते, हात खिशात ठेवते आणि थांबत नाही. त्या आजींनी तुमच्याकडून काहीच मागितले नाही, तुम्हाला कुठे नेलेही नाही, हा फरक मला मोठा वाटतो.

येवल्याची लेक

आईने पासपोर्टच्या चार प्रती काढून आणल्या आहेत आणि पर्ससाठी आतून चेनचा कप्पा शिवायला घेतला आहे. शेवटचे विचारते. आमचे विमान रोमला रात्री अकराला उतरते. टॅक्सी घ्यावी का?

मखमलाबादकर

घ्यावी, पण विमानतळाच्या आत येऊन ‘टॅक्सी, टॅक्सी’ विचारणाऱ्याबरोबर अजिबात जाऊ नये. परवान्याच्या टॅक्सी पांढऱ्या रंगाच्या असतात आणि बाहेर रांगेत उभ्या असतात. विमानतळ ते जुन्या शहराच्या तटबंदीच्या आतपर्यंतचे भाडे ठरलेले आहे. ते निघण्यापूर्वी पाहून घ्यावे आणि बसण्याआधीच चालकाकडून ‘हो’ म्हणवून घ्यावे. सामान डिकीत ठेवले तरी पर्स आणि पासपोर्ट मांडीवरच असू द्यावेत. हॉटेलचा पत्ता कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून आईंकडेही एक प्रत द्या.

येवल्याची लेक

लिहून दिला आहे. तिने तो आताच पाठ करायला घेतला आहे.